गणित आणि विज्ञान आपल्या लेकींना कधी मिळालं?



गेल्या महिन्यात आम्ही बचत गटांच्या बैठकांना फिरत होतो. लेकींच्या शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर यायचं. "पोरगी हुशार आहे, पण गणित काही तिच्या डोक्यात शिरत नाही." दुसरं वाक्य त्याला जोडूनच यायचं, "सायन्स घेऊन करायचंय काय, तालुक्याला कोण रोज पाठवणार?" बोलणाऱ्या बाया लेकीच्या वाईटावर नव्हत्या, काळजीनेच बोलत होत्या. पण पंधरा गावांत पंधरा आया तेच वाक्य त्याच शब्दांत बोलायला लागल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, हे वाक्य एकेकीच्या घरात जन्मलेलं नाही. त्याला मोठा इतिहास आहे. आज तोच सांगतो.

सुरुवात पुण्यापासून. १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, हे आपल्याला तोंडपाठ आहे. ३ जानेवारीला आपण हार घालतो, भाषणं करतो. पण त्या शाळेत शिकवत काय होते, हे फारसं कुणी विचारत नाही. फुल्यांच्या शाळांत मुलींना नुसती अक्षरओळख नव्हती. व्याकरण होतं, अंकगणित होतं, भूगोल होता, नकाशे होते. १८५२ आणि १८५३ मध्ये या मुलींच्या जाहीर परीक्षा झाल्या आणि त्या बघायला पुण्यात गर्दी लोटली. विचार करा, ज्या गावात पोरीने पाटी हातात धरली तर घरावर संकट येतं असं मानत, तिथे पोरी चारचौघांत उभ्या राहून उत्तरं देत होत्या. याच शाळेतली मातंग समाजाची मुक्ता साळवे, वय चौदाच्या आसपास, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. म्हणजे मुलीला, त्यातही सगळ्यात खाली ढकललेल्या मुलीला, डोकं कमी असतं ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीच खोटी ठरली होती.

पुढे १८८२ साली सरकारने हंटर साहेबाच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करणारं कमिशन नेमलं. त्याच्यापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. सरकारचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर खर्च मात्र वरच्या वर्गासाठी होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. खेड्यातल्या शाळेत वाचन-लेखनाबरोबर हिशोब हवा, भूगोल हवा, शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान हवं, आणि मास्तर शक्यतो शेतकरी कुटुंबांतलेच तयार करावेत, म्हणजे ते पोरांमध्ये मिसळतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी सरकारने हात सैल सोडावा, हेही त्यात होतं. शेतीचं ज्ञान म्हणजे काय हो? माती, पाणी, बी, खत, कीड. तेच विज्ञान. ते फुल्यांनी शहरातल्या मोठ्या कॉलेजासाठी नव्हे, गावच्या शाळेसाठी मागितलं होतं.

मग गाडी अडली कुठे?

१८८४ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर अशा मंडळींनी मुलींचं हायस्कूल सुरू केलं. तेच हुजूरपागा. लगेच वाद पेटला. मुलींना शिकवावं की नाही, हा वाद तोवर थोडा मागे पडला होता. आता वाद होता, शिकवायचं काय? लोकमान्य टिळकांच्या 'मराठा' पत्राने या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींनी मुलांसारखं इंग्रजी, गणित, शास्त्र कशाला शिकायचं? त्यांना घर सांभाळायचंय, तर शिवणटिपण, धर्म, नीती आणि मातृभाषा एवढं पुरे. दिवसभर शाळेत बसणंही त्यांना पसंत नव्हतं, कारण मग घरकाम कोण करणार? टिळक स्वराज्यासाठी तुरुंगात गेले, त्यांचं मोठेपण आम्ही नाकारत नाही. ते स्वतः गणिताचे जाणकार होते, गणित शिकवलेलं होतं. म्हणूनच आम्हाला हे जास्त लागतं. गणित किती मोलाचं आहे हे माहीत असलेला माणूस ते मुलींना नको म्हणत होता.

महर्षी कर्व्यांचं बघा. तेही फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. विधवांसाठी त्यांनी जन्म वेचला, त्यांच्याबद्दल वाकडा शब्द निघणार नाही. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, मातृभाषेतून शिक्षण दिलं, हजारो बायकांच्या आयुष्याला वळण लागलं. पण तिथेही बाईसाठी म्हणून गृहव्यवस्था, आरोग्य, बालसंगोपन हे विषय पुढे ठेवले गेले. शत्रूंनी शिक्षण नाकारलं ते ओळखू येतं. मित्रांनी प्रेमाने थोडं कमी वाढलं, ते ताटावर बसणारीच्या लवकर लक्षात येत नाही.

आता एका मुलीची गोष्ट. हिला आपण कमलाताई म्हणू. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांची ही सख्खी धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत. घरातच विज्ञान, त्यामुळे कमलाताईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. रसायन आणि पदार्थविज्ञान घेऊन पहिल्या नंबराने पास केली आणि १९३३ साली त्याच बंगळूरच्या संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. उत्तर आलं, प्रवेश नाही. का, तर अर्जदार मुलगी आहे.

कमलाताई थेट बंगळूरला गेल्या. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस. प्रवेश मिळेपर्यंत तुमच्या दारात सत्याग्रहाला बसते, असं त्यांनी सुनावल्याची हकीगत सांगतात. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष कच्चं, काम पसंत पडलं तरच पक्की नोंद. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि तुझ्यामुळे तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये! ही शेवटची अट वाचून आमच्या रेडिओच्या खोलीत सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. गावात मोटरसायकलवाल्या पोरांचा त्रास होतो म्हणून शाळा कुणाची सुटते? पोरीचीच ना?

वर्ष झालं. काम बघून रामन यांनी नोंद पक्की केली आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाताई दुधातली आणि डाळींतली प्रथिनं शिकल्या, मग इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे त्यांनी बटाट्यावर काम केलं. पेशी श्वास घेते तेव्हा तिला लागणारं सायटोक्रोम सी नावाचं द्रव्य वनस्पतीतही असतं, हे त्यांनी दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बटाटा, कांदा जमिनीतून काढला तरी श्वास घेत राहतो. कांदाचाळीला खालून-बाजूने हवा का ठेवतात? याच श्वासाची ऊब आणि ओल बाहेर पडावी म्हणून. नाहीतर कांदा सडतो. हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच्यामागचं कारण शोधणाऱ्यांत आपल्याच एका मराठी बाईचा हात होता.

१९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परत आल्या. दिल्ली, कुन्नूर असं करत मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि तिथे कडधान्यं, ताडगूळ, नीरा यांच्यावर संशोधन केलं. नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह यांचा कुपोषित आदिवासी मुलींना आणि गरोदर बायांना फायदा होतो, हे त्यांनी तपासून दाखवलं. ज्या माणसांनी त्यांना दारात अडवलं, त्यांच्यापैकी किती जणांना गरोदर बाईच्या अंगातलं रक्त तपासावंसं सुचलं असतं, हा प्रश्न आम्हाला पडतो. बायका विज्ञानात आल्या की त्या वेगळे प्रश्न घेऊन येतात.

पण एक गोष्ट विसरायची नाही. कमलाताईंच्या घरात दोन रसायनशास्त्रज्ञ होते. नकार आला तेव्हा तो चुकीचा आहे हे सांगणारी माणसं घरातच होती. आपल्या लेकीच्या घरात कोण आहे? म्हणून तिचं सगळं शाळेवर अवलंबून, आणि तेही पाचवी ते आठवीच्या शाळेवर. त्या वयात अपूर्णांक, शेकडेवारी, बीजगणित सुरू होतं. तिथे धागा सुटला की नववीत तो सापडत नाही.

शाळेचे नियम बदलायला स्वातंत्र्यानंतरही वेळ लागला. १९६२ मध्ये हंसाबेन मेहता यांच्या समितीने साफ सांगितलं की मुलींचा अभ्यासक्रम वेगळा नको. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ते उचलून धरलं. या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात गणित आणि विज्ञान शाळा संपेपर्यंत सगळ्यांना, असं आलं. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली.

मधल्या काळात काय होत होतं, हे डॉ. रोहिणी गोडबोले यांच्या बालपणातून कळतं. १९५२ चा जन्म, शाळा तीच, हुजूरपागा. त्यांनी स्वतः सांगितलं आहे की सातवीपर्यंत त्यांना गृहशास्त्र होतं, विज्ञान असं वेगळं नव्हतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र विज्ञान लागायचं, म्हणून ते निराळं शिकावं लागलं. शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या वाटेने त्या जगभर नाव असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ झाल्या. १९९५ पासून त्या बंगळूरच्या त्याच संस्थेत प्राध्यापक होत्या, जिथे कमलाताईंना आधी नाही म्हटलं होतं. भारतातल्या स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचं एक पुस्तक त्यांनी २००८ साली संपादित केलं, त्याच्या नावात लीलावती आहे. लीलावती म्हणजे भास्कराचार्यांचा ११५० सालचा गणिताचा ग्रंथ. ती त्यांची मुलगी होती अशी दंतकथा आहे. खरं-खोटं देव जाणे, पण त्यातली कितीतरी गणितं मुलीला उद्देशूनच घातलेली आहेत. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठाला दान दिल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आजही आहे.

चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, आणि त्याच जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी खिरोदा आहे. आता खरी आपल्यासारख्या गावांची गोष्ट सुरू होते. १९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. प्रमुख होते प्रा. वि. गो. कुलकर्णी. पहिल्या काही वर्षांतच या मंडळींनी खिरोद्याच्या परिसरातल्या प्राथमिक शाळा गाठल्या आणि तिथल्या शिक्षकांबरोबर काम केलं. प्रयोगाला परदेशी काचेची उपकरणं नकोत, गावात मिळेल त्यातून प्रयोग करायचे, असा धडा होता.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी होशंगाबाद जिल्ह्यात हे काम त्याआधीच, १९७२ मध्ये, १६ शाळांत सुरू झालं होतं. सहावी ते आठवीची पोरं. चार-चार जणांची टोळी करायची, प्रत्येक टोळीने स्वतः प्रयोग करायचा, शेतात जाऊन पानं, किडे, माती गोळा करायची, दिसलं ते लिहायचं. व्याख्या पाठ करायच्या नाहीत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायचं, कारण उत्तर पुस्तकात नसायचंच, ते विचार करून काढायचं. १९७८ मध्ये ते जिल्ह्याच्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेलं, पुढे आणखी जिल्ह्यांत. आम्हाला त्यातला सगळ्यात आवडतो तो 'सवालीराम'. सवालीराम नावाचा माणूस खरा नव्हताच. पण पुस्तकात लिहिलेलं होतं, तुला काही प्रश्न पडला तर सवालीरामला पत्र लिही. आणि पोरं लिहायची, ढिगांनी. प्रत्येकाला उत्तर जायचं. गावच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, तुझा प्रश्न महत्त्वाचा आहे. २००२ साली तिथल्या सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम एका आदेशाने थांबलं, ही गोष्ट सांगताना आम्हाला अजूनही राग येतो.

परत मुंबई. १९८० च्या सुमारास कुलकर्णी सरांच्या केंद्राने महापालिकेच्या शाळांतली, अनुसूचित जातींची मुलं-मुली घेतली. घरात पहिल्यांदाच कुणी शिकत होतं. सातवीनंतर त्यांना दहावीपर्यंत सोबत द्यायची आणि ती कुठे अडतात ते बघायचं, असं ठरलं. मुलं अडत होती ती बुद्धीला नव्हे, भाषेला. पुस्तकातली मराठी आणि घरातली मराठी यांत नदी वाहत होती. 'उत्सर्जन', 'अभिसरण', 'घटकावयव' असे शब्द कुणाच्या घरात बोलतात? शब्दच ओळखीचा नाही, तर प्रश्न कसा विचारायचा, आणि प्रश्न विचारला नाही तर मास्तर म्हणणार, हिला कळत नाही. केंद्राने विज्ञानाचे धडे साध्या मराठीत लिहून पाहिले, मुलांना बोलतं केलं, हाताने प्रयोग करू दिले. विज्ञान तेच, मुलंही तीच, आणि निकाल मात्र चांगले सुधारले. "डोक्यात शिरत नाही" या वाक्याचं याच्यापेक्षा चांगलं उत्तर आम्हाला माहीत नाही.

गणितातही हेच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला, आठवतं? एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन असं शिकवायचं म्हणून लोकांनी थट्टा केली. त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोराला लिहायचा असतो दोनावर सात, आणि आपण म्हणतो सत्तावीस, म्हणजे सात आधी. एकोणतीस तर त्याहून अवघड, त्यात नवाचा पत्ताच नाही, तिसाचं नाव. तुम्हाला ही सवय झाली आहे, लहान पोराला नाही. आमच्या गटातही यावर दोन मतं आहेत. काही जणी म्हणतात, एकोणतीस म्हणण्यात मराठीची गोडी आहे. गोडी आहेच, पण सहा वर्षांच्या पोरीचा गोंधळ "मठ्ठपणा" म्हणून वहीत लिहिला जाऊ नये, एवढं तरी सगळ्यांना पटावं.

मंगलाताईंचं स्वतःचं आयुष्य आपल्या ओळखीचं वाटेल. १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए., सुवर्णपदक. मग लग्न, केंब्रिजचा संसार, मुली, परत आल्यावर घरातली वडीलधारी माणसं. हे सगळं सांभाळत पीएच.डी. झाली १९८१ मध्ये. मध्ये सतरा वर्षं. बाईचं गणित असं चुलीच्या कडेकडेने पुढे जातं. तिन्ही मुली मात्र संशोधनात गेल्या.

आणि आपण तरी गणितात कच्च्या कुठे? दहा हजारांच्या कर्जाला दरमहा शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे, म्हणजे वर्षाचा दर शेकडा चोवीस. गटाच्या सचिव बाईला हे झोपेतून उठवून विचारा. मुद्दल फिटत जाईल तसं व्याज कमी कसं होतं, हेही ती सांगेल. हेच शाळेच्या पुस्तकांत 'शेकडेवारी' आणि 'सरळव्याज' या नावाने बसलेलं आहे. बैठकीला लेकीला शेजारी बसवा, रजिस्टर तिच्या हातात द्या, बेरीज तिला मारू द्या. आणि तिच्यासमोर "गणित आपल्याला नाही बाई जमत" असं हसत-हसतसुद्धा म्हणू नका. आपण रोज जमवतोय ते.

दोन कामाच्या गोष्टी सांगून ठेवतो. लेक आठवीत असेल आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर एनएमएमएस परीक्षेचा अर्ज शाळेतून भरतात. आई-वडिलांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८,०००. त्यात गणित आणि विज्ञानाचे प्रश्न असतात. मुख्याध्यापकांना जाऊन विचारा, अर्ज कधी निघतो. दुसरं, "सायन्स लांब आहे" हे कारण खरं आहे, ते खोटं म्हणणार नाही. पण एसटीचा मुलींसाठीचा मोफत पास आहे, आणि गाडीची वेळ कॉलेजच्या वेळेशी जुळत नसेल तर दहा गटांनी मिळून ठराव करून आगारप्रमुखांना निवेदन देता येतं. एकट्या बापाने सांगितलं तर कोण ऐकतंय?

आम्ही आमच्या रेडिओवर सवालीरामसारखी एक पेटी सुरू केली आहे. पाचवी ते आठवीच्या मुलींनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाकायचा, नाव नाही लिहिलं तरी चालतं. पहिल्या आठवड्यात आलेल्या चिठ्ठ्यांतल्या तीन इथे देतो. घुसळल्यावर लोणी वरच का येतं, खाली का बसत नाही? ढग आले की शेतातला सोलर पंप मंद का होतो, उजेड तर असतोच? आणि थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट का लागतं? लोण्याचं उत्तर परवा दिलं. सोलर पंपासाठी पंप बसवणाऱ्या ताईंना बोलावलं आहे. विहिरीच्या पाण्यासाठी आठवीच्या चार मुली दोरीला तापमापी बांधून रोज पहाटे आणि दुपारी पाण्याचं आणि हवेचं तापमान वहीत लिहून घेत आहेत. पंधरा दिवसांचे आकडे झाले की शनिवारी सायंकाळच्या कार्यक्रमात त्या स्वतःच वाचून दाखवतील.